बांध मालकाचा, पूर देवाचा?



गेल्या पावसाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते एका वस्तीत गेलो होतो. वस्तीचे आणि तालुक्याचे नाव इथे देत नाही, कारण तिथल्या बायामाणसांना रोज त्याच मालकाच्या रानात रोजगाराला जावे लागते. ओढ्याच्या काठाला चाळीसएक घरे. बहुतेक बौद्ध, काही मातंग, चार-पाच कातकऱ्यांची. वस्तीच्या वरच्या अंगाला, चालत पंधरा मिनिटांवर, एका बड्या जमीनमालकाने ओढ्यावर मातीचा बांध घातला आहे. भराव नुसत्या मुरमाचा, दगडाचे अस्तर नाही, पोटात बाभळी वाढलेल्या. सांडवा म्हणजे एका कडेला जेसीबीने ओढलेली चर. त्या चरीलाही जाळी ठोकलेली, कारण आत मासे सोडले आहेत.

आम्ही विचारले, हा बांध कशासाठी? मालकाच्या माणसाने सांगितले, "पूर अडवायला. तुमच्याच वस्तीच्या भल्यासाठी केलाय."

मग आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथले उत्तर असे : "बांध खासगी जागेत आहे. उंचीही कायद्यात बसत नाही. आम्हाला काही करता येत नाही." आम्ही विचारले, "आणि फुटला तर?" साहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "नैसर्गिक आपत्तीतून मदत मिळते की."

या दोन वाक्यांवर हा लेख आहे. बांध उभा असेपर्यंत तो खासगी. फुटला की तो निसर्गाचा, देवाचा, नशिबाचा. मालक कुठेच नाही. ही चलाखी एका तालुक्यापुरती नाही आणि आजचीही नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावा, म्हणून जरा विस्ताराने लिहितो आहोत.

आधी साधी गोष्ट. पूर अडवण्यासाठी बांधलेला बांध पावसाळ्यात जितका रिकामा, तितका उपयोगाचा. पाण्याचा लोंढा आला की तो पोटात घ्यायचा आणि खाली हळूहळू सोडायचा, एवढेच त्याचे काम. म्हणून त्याला तळाशी पाणी सोडायचा विमोचक लागतो आणि वर मोठा, मोकळा सांडवा लागतो. मातीच्या बांधाला तर सांडवा हाच प्राण. दगडी किंवा काँक्रीटचे धरण माथ्यावरून थोडे पाणी गेले तरी काही काळ तग धरू शकते. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की ते माती कापत जाते, आणि एकदा घळ पडली की काही वेळात सगळा साठा खाली येतो.

आता विचार करा. रिकामा बांध मालकाला काय देतो? काहीच नाही. ना बागायत, ना मासे, ना होडी, ना फार्महाऊसच्या गच्चीतून दिसणारे तळे. बांधाचा खर्च मालकाचा आणि रिकामेपणाचा फायदा खालच्या वस्तीचा, हा सौदा कोणता मालक वर्षानुवर्षे पाळेल? तो पाणी भरणारच. सांडव्याला फळ्या लावणारच. म्हणजे पूरनियंत्रणाचा बांध खासगी हातात ठेवला, की काही वर्षांत तो पूरनियंत्रणाचा राहत नाही. तो साठ्याचा बांध होतो आणि वस्तीच्या डोक्यावर येऊन बसतो. मालक स्वभावाने चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. त्याचा हिशेबच तसा आहे.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचे पोलादाचे गाव. त्याच्या वर सुमारे २२ किलोमीटरवर साउथ फोर्क येथे ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब मातीचे धरण होते. मुळात ते राज्य सरकारने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले. १८५३ साली ते पुरे झाले, आणि तोवर रेल्वे आल्याने कालव्याची गरजच संपली. सरकारने धरण विकून टाकले. हातोहात विकले जात ते एका खासगी क्लबकडे आले. साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब हे त्याचे नाव. सभासद साठहून अधिक, आणि त्यांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन असे पिट्सबर्गचे धनदांडगे.

या मंडळींनी धरणाचे काय केले? तळाचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, ते परत बसवले नाहीत. म्हणजे पाणी खाली सोडायची सोयच उरली नाही. जुने खिंडार माती, झुडपे, गवत, शेणखत टाकून बुजवले. माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून भरावाची उंची कमी केली. आणि तळ्यातले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळ्या लावल्या. वर सांगितलेली आमच्या ओढ्यावरची जाळी आठवा. देश वेगळा, शतक वेगळे, जाळी तीच.

खाली कोण राहत होते? पोलाद कारखान्याचे कामगार. जर्मनी, वेल्स, आयर्लंडहून पोटासाठी आलेली माणसे. ३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला, पाणी माथ्यावरून गेले, दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले आणि तासाभरात लोंढा जॉन्सटाउनवर आला. २,२०९ माणसे मेली. ९९ कुटुंबे समूळ गेली. ७७७ मृतदेहांची ओळखसुद्धा पटली नाही.

आणि नुकसानभरपाई? क्लबवर दावे झाले. एकही दावा टिकला नाही. ही ईश्वरी कोपाची घटना आहे, माणसाचा दोष नाही, असे ठरले. शिवाय क्लबच्या नावावर मालमत्ता फारशी नव्हती, आणि सभासदांच्या खिशापर्यंत कायद्याचा हात गेला नाही. काही सभासदांनी मदतनिधी दिला. कार्नेगींनी गावाला नवे वाचनालय बांधून दिले. हक्काची भरपाई मिळाली नाही, दान मिळाले. हा फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने चौकशी केली, पण अहवाल १८९१ पर्यंत बाहेर आला नाही, आणि आला तेव्हा म्हणाला की मूळची उंची असती तरी धरण फुटलेच असते. २०१६ साली संशोधकांनी ते गणित पुन्हा मांडले आणि उलट निष्कर्ष काढला : माथा खाली आणल्यामुळेच धरणाची पाणी सोडण्याची ताकद घटली होती. क्लबवाल्यांचा दोष कागदावर यायला सव्वाशे वर्षे लागली.

जॉन्सटाउन ही जुनी गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. मग १९७२ घ्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकच्या खोऱ्यात एका कोळसा कंपनीने खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचे बांध घातले होते. २६ फेब्रुवारीला ते फुटले. १२५ माणसे मेली, सुमारे ४,००० बेघर झाली. कंपनीकडून पहिले स्पष्टीकरण काय आले? ही देवाची करणी! मे २०१८ मध्ये केनियातल्या सोलाई येथे एका खासगी मळ्यातले मातीचे धरण रात्री फुटले आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. खाली मळ्यांवर राबणाऱ्या गरिबांच्या वस्त्या होत्या. मे २०२० मध्ये मिशिगनमधले एडनव्हिल धरण फुटले, तेही खासगी कंपनीचे. सांडव्याची क्षमता वाढवा, असे केंद्रीय नियामक वर्षानुवर्षे सांगत होते, कंपनी पैसे नाहीत म्हणत होती. शेवटी २०१८ साली तिचा वीजनिर्मितीचा परवाना काढून घेतला, पण धरण तिच्याच ताब्यात राहिले. सुमारे दहा हजार लोकांना वेळेवर हलवले म्हणून माणसे वाचली.

खंड बदलला तरी गोष्ट बदलत नाही. वर मालक, खाली मजूर. पाण्याचा उपभोग वर, पाण्याचा धोका खाली.

आता आपल्या घरी या. पाणी "खासगी" आहे, हे वाक्य आंबेडकरी चळवळीने पहिल्यांदा कुठे ऐकले? महाडला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे डिसेंबरात सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. दाव्याचा आधार काय होता? हे तळे सार्वजनिक नाही, आमची खासगी मालमत्ता आहे! त्यावर त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि अस्पृश्यांना वगळण्याची पूर्वापार रूढी वादींना सिद्ध करता आली नाही.

या खटल्याकडे आपण अस्पृश्यतेचा खटला म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यात मालकीचाही धडा आहे. प्यायचे पाणी मागितले, तेव्हा ते "आमचे खासगी" होते. बुडवणारे पाणी येते, तेव्हा ते "देवाचे" होते. तहान लागलेल्याला मालक दिसतो, बुडणाऱ्याला मालक दिसत नाही. महाडच्या सवर्णांची मालमत्ता आणि जॉन्सटाउनच्या क्लबची दैवी आपत्ती ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत. नफा नावावर, तोटा नशिबावर. कर्मसिद्धांताने आपल्याला हजारो वर्षे हेच शिकवले : तुझे दुःख कोणी केलेले नाही, ते तुझ्या कपाळी होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ते तहसीलदाराच्या तोंडून पुन्हा ऐकून का घ्यावे?

पुराच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी स्वतः काम केले आहे, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीने काठ फोडला, कलकत्त्याचा रेल्वे आणि रस्त्याचा संपर्क तुटला. त्या खोऱ्याचा इतिहास काय होता? बंगालमध्ये नदीकाठचे मातीचे बांध राखायची जबाबदारी जमीनदारांकडे असे. ज्याच्या जमिनीचा फायदा, त्याचा बांध पक्का, बाकीच्यांचे देव बघेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्रज सरकारने डाव्या काठची रेल्वे, हमरस्ता आणि बर्दवान शहर वाचवण्यासाठी उजव्या काठचे बांध मैलोन् मैल काढून टाकले. पूर नाहीसा झाला नाही. तो ज्यांचा आवाज नव्हता, त्यांच्या अंगावर ढकलला गेला. बांध म्हणजे नेहमी हाच निर्णय असतो : कोणाला वाचवायचे आणि कोणाला बुडवायचे. असा निर्णय एका माणसाच्या सातबाऱ्यावर सोडायचा का?

बाबासाहेबांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर खोऱ्याची परिषद घेतली. नुसते काठाला बांध घालून पूर थोपवण्याची दृष्टी अपुरी आहे, संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करून पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक ही सगळी कामे साधली पाहिजेत, ही त्यांची मांडणी होती. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांबद्दलही त्यांनी हीच भूमिका घेतली. आणि नमुना कोणता निवडला? अमेरिकेतलाच, पण क्लबांचा नाही. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा, म्हणजे सार्वजनिक संस्थेचा. त्यातून १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. ज्या देशात ते कोलंबियात शिकले, त्या देशाने दोन रस्ते दाखवले होते. त्यांनी साउथ फोर्कचा रस्ता घेतला नाही. १९४७ च्या "स्टेट्स अँड मायनॉरिटीज"मध्ये त्यांनी महत्त्वाचे उद्योग आणि शेती सरकारी मालकीची असावी असे मांडले, त्यामागेही हीच समज होती : ज्याच्या हाती साधन, त्याच्या हाती दुसऱ्याचे जगणे.

इथे विरोधक लगेच म्हणतील, सरकारी धरणे फुटत नाहीत का? फुटतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुणे बुडाले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष कोणाला दिला? खेकड्यांना! देवाची जागा खेकड्याने घेतली एवढाच फरक. दामोदरच्या धरणांनी आदिवासींना विस्थापित केले, हेही आम्ही लपवणार नाही. सरकारी म्हणजे न्यायाचे, असे आम्ही म्हणतच नाही. पण सरकारी धरणाच्या मंत्र्याला आपण खेकड्याचा जाब विचारू शकलो. माहितीचा अधिकार टाकता आला, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी बसवावी लागली. खासगी बांधाच्या मालकाला आपण काय विचारणार? त्याच्या फाटकावर तर लिहिलेले असते, परवानगीशिवाय प्रवेश नाही.

आणि कायदा? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरच्या धरणांना लांबी, साठा, विसर्ग अशा काही अटी पूर्ण झाल्या तर लागू आहे. त्याखालचे बांध त्याच्या बाहेर. कायदा बांधाची उंची मोजतो, खालची माणसे मोजत नाही. अमेरिकेने इतके मुडदे पाहिल्यावर निदान एक शहाणपण शिकले. तिथल्या नोंदवहीत नव्वद हजारांहून अधिक धरणे आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत. तिथे धोक्याचा वर्ग ठरतो तो फुटल्यास खाली काय होईल यावर. खाली माणसे मरण्याची शक्यता असेल, तर बांध कितीही मजबूत असो, तो उच्च धोक्याचा. आपल्याकडे आठ मीटरचा बांध चाळीस घरांच्या डोक्यावर असला तरी तो कायद्याला दिसत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, ओढ्या-नाल्यावरच्या ज्या बांधाखाली वस्ती आहे, त्याची नोंद आणि तपासणी सक्तीची करा, मग उंची कितीही असो. वर्ग खालच्या माणसांवरून ठरवा.

दुसरी, पूरनियंत्रणाच्या नावाने बांध घातला असेल, तर पावसाळ्यात तो रिकामा ठेवण्याची पातळी ठरवा, ती बांधावर रंगवा, विमोचक सक्तीचा करा आणि सांडव्यावर जाळी, फळी काहीही चालणार नाही असे लिहून घ्या. तपासणीच्या वेळी वस्तीचे प्रतिनिधी हजर असलेच पाहिजेत.

तिसरी, मालकाची जबाबदारी निरपवाद धरा. १८६८ साली इंग्लंडमध्ये रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात ठरले की, आपल्या जमिनीत धोकादायक गोष्ट साठवणाऱ्याने ती सुटल्यास भरपाई द्यावी. तो खटलाही खासगी तलावाचाच होता. पण त्या तत्त्वात दैवी आपत्तीची पळवाट राहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात धोकादायक उद्योगांसाठी ती पळवाट बंद केली. वस्तीच्या डोक्यावर पाणी साठवणाऱ्या मालकाला तोच नियम कायद्याने लावा.

आणि कार्यकर्त्यांनी मागण्या करून घरी बसू नये. उन्हाळ्यातच आपल्या वस्तीच्या वरचे ओढे चालून बघा. बांध कोणाचा, विमोचक आहे का, सांडवा मोकळा आहे का, भरावावर झाडे आहेत का, पायथ्याला गढूळ पाणी झिरपते का, याचे तारखेसह फोटो काढा. स्वच्छ झिरप एक वेळ चालेल, पण गढूळ झिरप म्हणजे आतली माती निघून चालली आहे. ग्रामसभेत ठराव घ्या. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच जपून ठेवा. उद्या कोणी "कोणाला माहीत होते?" असे म्हणाले, तर तोच कागद त्याच्यापुढे धरता येईल. आधी लेखी कळवलेल्या गोष्टीला देवाची करणी म्हणणे न्यायालयात सोपे जात नाही.

शेवटी जॉन्सटाउनची एक गोष्ट राहिली. त्या धरणाचा धोका आधी कळलाच नव्हता असे नाही. १८८० साली खालच्या पोलाद कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने आपला अभियंता पाठवून धरण तपासले. विमोचक नाही, दुरुस्ती नीट नाही, असा अहवाल आला. क्लबने तो उडवून लावला. मॉरेलने दुरुस्तीला पैसे देऊ केले, तेही नाकारले. मग मॉरेलने काय केले? तो त्याच क्लबचा सभासद झाला. आत राहून नजर ठेवता येईल, असे त्याला वाटले असेल. १८८५ साली तो वारला. धरण तसेच राहिले. चार वर्षांनी ते फुटले.

आत जाऊन सुधारणा करू म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. मालकाच्या तळ्यावर जेवायला जातात, फोटो काढतात आणि वस्तीत येऊन सांगतात, साहेब चांगले आहेत, बघतो म्हणाले. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की क्लबात बसून सांडव्याची जाळी निघत नाही. वस्तीत उभे राहूनच ती काढायला लावावी लागते.

त्या ओढ्यावरच्या चाळीस घरांच्या वतीने अर्ज दिला आहे. पोच आमच्याकडे आहे. पुढचा पाऊस येण्याआधी जाळी निघाली नाही, तर आम्ही सगळे त्या बांधावर जाऊ. फाटकावर काय लिहिले आहे, ते महाडलाही लिहिले होते.

जय भीम!